केमिकल पील निवडताना: आपल्या त्वचेला कोणता, किती आणि केव्हा

केमिकल पील म्हणजे ठरावीक ताकदीचं आम्ल ठरावीक वेळ चेहऱ्यावर ठेवून त्वचेचा वरचा थर सोलून काढणं. जुना थर सुटतो, खालून नवी त्वचा येते आणि वरच्या थरात साठलेलं रंगद्रव्य, बुजलेली छिद्रं, खरखरीतपणा यातलं बरंचसं त्याबरोबर निघून जातं. अवघड आहे ती निवड. आपली गव्हाळ-सावळी त्वचा दुखावली की काळी पडते. मुरूम फोडला, डास चावला, कढईतलं तेल उडालं, तरी डाग महिनोन्‌महिने हटत नाही. पील ही मुद्दाम केलेली, मोजून-मापून केलेली इजाच आहे. माप चुकलं तर ज्या डागासाठी गेलात त्याहून गडद डाग घेऊन परत याल. म्हणून आपलं काम होईल असा सगळ्यात सौम्य पील शोधायचा आणि तोच काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करायचा. पुढची सगळी माहिती या एका निकषावर बेतलेली आहे.

आधी तक्रार कुठल्या थरात आहे ते पाहा

चेहऱ्याची बाह्यत्वचा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असते. तिच्या तळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात आणि त्याखाली अंतस्त्वचा सुरू होते. वरवरचा पील बाह्यत्वचेतच थांबतो. मध्यम खोलीचा पील अंतस्त्वचेच्या वरच्या भागात उतरतो. खोल पील तिच्या मध्यापर्यंत जातो. त्वचेचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक श्रेणी त्वचारोगतज्ज्ञ वापरतात. उन्हात त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते यावर ती ठरते, पहिला प्रकार सगळ्यात गोरा, सहावा सगळ्यात काळा. भारतीय माणूस बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. या प्रकारांत वरवरचे पील सुरक्षित, मध्यम खोलीचे जपून आणि अनुभवी हातानेच, तर खोल पील करूच नयेत.

तेलकट चेहरा, ब्लॅकहेड, सतत येणारे बारीक मुरूम ही छिद्रांच्या तोंडाशी असलेली तक्रार. इथे सॅलिसिलिक अ‍ॅसिडला तोड नाही. मुरूम गेल्यावर मागे राहिलेले तपकिरी डाग बहुतेक बाह्यत्वचेतच असतात, त्यांना मँडेलिक, सॅलिसिलिक-मँडेलिकचं मिश्रण किंवा कमी ताकदीचं ग्लायकोलिक चालतं. चेहरा नुसताच निस्तेज आणि हाताला खरखरीत लागत असेल तर लॅक्टिक पुरतं.

वांग हे सगळ्यात फसवं प्रकरण. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर पसरलेला तो तपकिरी पट्टा वरच्या थरात असेल तर पीलला दाद देतो. रंग राखाडी-निळसर वाटत असेल तर रंगद्रव्य अंतस्त्वचेत उतरलेलं असतं आणि वरवरचा पील तिथवर पोहोचत नाही. डॉक्टर वुड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात किंवा डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने याचा अंदाज घेतात. वांगाच्या उपचारात पील हा जोडीचा भाग आहे. मुख्य उपचार म्हणजे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. ते दोन्ही सोडून नुसते पील करत राहिलं तर वांग परत येतं, कधी कधी आधीपेक्षा गडद होऊन.

मुरमांचे खड्डे वरवरच्या पीलने भरत नाहीत, मग सिटिंग सहा करा नाहीतर सोळा. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांसाठी क्रॉस नावाची वेगळी पद्धत आहे. तिच्यात तीव्र टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या आत लावतात. रुंद, पसरट खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेझर, सबसिजन (खड्ड्याला खाली ओढणारे धागे सुईने तोडणं) असे उपाय असतात.

मानेच्या मागे आणि काखेत आलेला मखमली काळेपणा पुष्कळदा शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असतो. पीलवर पैसे घालवण्याआधी रक्तातली साखर तपासा. वजन आटोक्यात आलं की हा काळेपणा आपोआप फिका होतो, आणि ते जमेपर्यंत पीलचा परिणाम तात्पुरताच राहतो. डोळ्यांखालच्या वर्तुळांचंही तसंच. तिथे रंगद्रव्य असेल तर सौम्य पीलने फरक पडतो. खोलगटपणामुळे सावली पडत असेल किंवा पातळ त्वचेतून शिरा दिसत असतील तर अजिबात पडत नाही.

कोणतं आम्ल काय करतं

ग्लायकोलिक अ‍ॅसिड उसातही सापडतं. अल्फा हायड्रॉक्सी आम्लांच्या गटातला हा सगळ्यात लहान रेणू, वजन ७६. लहान असल्यामुळे तो झपाट्याने आत शिरतो, आणि सगळीकडे सारखा शिरेलच असं नाही. नाकपुडीची घडी, ओरखडा, कोरडा चट्टा, आदल्या दिवशी थ्रेडिंग केलेली भुवईखालची जागा, अशा ठिकाणी तो आधी आणि जास्त उतरतो. म्हणून ग्लायकोलिक पील घड्याळावर आणि चेहऱ्यावर नजर ठेवून करतात. पहिल्या वेळी २० ते ३५ टक्के, एक ते दोन मिनिटं. पुढच्या सिटिंगला एकतर वेळ वाढवायची किंवा टक्केवारी, दोन्ही एकदम कधीच नाही. हा पील आपण होऊन थांबत नाही. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने तो उदासीन करावा लागतो. द्रावण लावताच फसफसतं आणि क्षणभर चुरचुर वाढते. फसफस थांबली की आम्ल संपलं असं समजायचं. ग्लायकोलिकमध्ये अपेक्षित खूण म्हणजे एकसारखी गुलाबी लाली. त्वचा पांढरी किंवा करडी पडू लागली तर तो इशारा असतो, तिथे वेळ पूर्ण होण्याची वाट न पाहता लगेच उदासीन करायचं.

लॅक्टिकचा रेणू ९० वजनाचा, थोडा मोठा, शिवाय त्वचेत ओलावा धरून ठेवणारा. कोरड्या, हळव्या चेहऱ्याला ग्लायकोलिकऐवजी हे सोसतं. मँडेलिक कडू बदामापासून आलेलं. त्याच्या रेणूचं वजन १५२, म्हणजे ग्लायकोलिकच्या बरोबर दुप्पट. तो सावकाश आणि एकसारखा शिरतो, आग कमी होते आणि डाग पडण्याचा धोकाही कमी. पहिलाच पील असेल, त्वचा सावळी असेल आणि मन धास्तावलेलं असेल तर ३० ते ४० टक्के मँडेलिकने सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. परिणाम एकेका सिटिंगला थोडाच दिसेल, पण बिघडण्यासारखंही फार काही नसतं.

सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून ते तेलाने भरलेल्या छिद्रात उतरतं. पीलसाठी ते २० किंवा ३० टक्के ताकदीचं, अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. लावल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं चांगलंच झोंबतं, मग जागा हळूहळू बधिर होत जाते. अल्कोहोल उडालं की चेहऱ्यावर पांढरी भुकटी दिसू लागते. हे आम्लाचे स्फटिक, त्वचा भाजल्याची खूण नव्हे. ओल्या कापडाने ते पुसले जातात, त्वचा भाजून आलेला पांढरेपणा पुसला जात नाही. हा फरक रुग्णालाही माहीत असावा, म्हणजे आरशात पाहून धसका बसत नाही. या पीलला उदासीन करावं लागत नाही. तीन ते पाच मिनिटांनी पाण्याने धुतलं की झालं. अ‍ॅस्पिरीनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तो टाळायचा. चेहरा, छाती, पाठ एकाच दिवशी करू नये, कारण मोठ्या भागातून तो रक्तात जाऊन कानात गुणगुण, गरगरणं, मळमळ सुरू होऊ शकते. २० टक्के सॅलिसिलिक आणि १० टक्के मँडेलिक हे मिश्रण भारतात खूप वापरलं जातं. मुरूम आणि त्यांचे डाग एकत्र असतील तर पहिली निवड तीच.

पिवळा पील म्हणून मिळतो तो रेटिनॉइक अ‍ॅसिडचा, साधारण १ ते ५ टक्के. लावताना जवळजवळ काहीच जाणवत नाही. तो लावून घरी पाठवतात आणि काही तासांनी धुवायला सांगतात. इथली नेहमीची चूक म्हणजे ‘काहीच होत नाहीये’ म्हणून रात्रभर ठेवणं. सोलणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतं आणि जास्त वेळ ठेवल्याची किंमत तेव्हा कळते. गर्भारपणात किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असताना हा पील बाद.

जेसनर द्रावणात १०० मिलिलिटरमागे रेसॉर्सिनॉल, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक प्रत्येकी १४ ग्रॅम असतं, बाकी अल्कोहोल. याची खोली थरांवर ठरते. एक थर वरवरचा, चार-पाच थर बरेच खोल. त्यामुळे ‘जेसनर केला’ एवढ्याने काही कळत नाही, किती थर दिले ते विचारावं लागतं.

टीसीए त्वचेतली प्रथिनं गोठवतं. १० ते १५ टक्के वरवरचं, ३५ टक्के मध्यम खोलीचं, ५० च्या वर पूर्ण चेहऱ्यावर व्रण राहण्याचा धोका मोठा. त्वचा खरोखर पांढरी पडते आणि त्या पांढरेपणाच्या गडदपणावरून खोली ओळखतात. आधी गुलाबीवर ठिपक्याठिपक्यांनी पांढरं, मग एकसारखं पांढरं पण आतून गुलाबी झाक, शेवटी चुन्यासारखं घट्ट पांढरं. आपल्या त्वचेवर पहिल्या पायरीलाच थांबायचं. एकदा गोठलेलं उलटवता येत नाही. थंड पाण्याने आग कमी होते, खोली कमी होत नाही. फिनॉलचे खोल पील हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात आणि सावळ्या त्वचेवर कायमचे फिके चट्टे पाडतात. ते आपल्यासाठी नाहीत, कोणी सुचवला तर उठून यावं.

बाटलीवरचा आकडा कसा वाचायचा

टक्केवारी एकटी काहीच सांगत नाही, शेजारी पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, हवा; तो जितका कमी तितकं आम्ल जोरकस. ग्लायकोलिकचा निम्मा भाग मोकळ्या आम्लाच्या रूपात राहतो तो ३.८३ पीएचला, आणि त्वचेत शिरून काम करतो तो हा मोकळा भागच. समजा दोन बाटल्या आहेत, दोन्हींवर १० टक्के लिहिलंय. एकीचा पीएच ३, दुसरीचा ४.५. पहिलीत मोकळं आम्ल साधारण ८.७ टक्के, दुसरीत जेमतेम १.८ टक्के. आकडा एक, ताकदीत जवळजवळ पाचपट फरक. क्लिनिकमधलं ७० टक्के ग्लायकोलिक उदासीन न केलेलं असेल तर त्याचा पीएच एकच्याही खाली असतो. पीएच छापलेला नसेल अशी बाटली घरासाठी घेऊ नये.

अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञमंडळाने घरगुती वापरासाठी ग्लायकोलिक आणि लॅक्टिकची मर्यादा १० टक्के, पीएच ३.५ किंवा त्याहून जास्त अशी ठरवली आहे. प्रशिक्षित माणसाच्या हातून सलूनमध्ये ३० टक्के, पीएच किमान ३. त्यापुढचं डॉक्टरांचं काम. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जोरकस आम्लांचे पील ऑनलाइन मागवून घरी करू नका असा इशाराही दिला आहे, कारण त्यातून भाजल्याच्या, व्रण राहिल्याच्या तक्रारी आल्या. आपल्याकडेही तशा बाटल्या दोन क्लिकवर घरपोच मिळतात. टीसीए तर घरात आणूच नका.

घरी करायचंच असेल तर ५ ते १० टक्के लॅक्टिक किंवा मँडेलिक, किंवा मुरमांसाठी २ टक्के सॅलिसिलिक, रात्री, आठवड्यातून एकदा. महिनाभर ठीक गेलं तर दोनदा. त्या रात्री रेटिनॉल नाही, स्क्रब नाही. लिंबू चोळणं हा पील नव्हे. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे गडद ओघळ उठतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात.

कोणी थांबावं

सगळ्यात मोठा धोका असतो तो आधीच पातळ झालेल्या चेहऱ्याला. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेलं गोरं करणारं मलम, ज्यात बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं, ते महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, ऊन लागताच आग होते आणि मलम बंद केलं की मुरूम उसळतात. अशा त्वचेवर नेहमीच्या ताकदीचा पीलसुद्धा खोल उतरतो. मलमाची ट्यूब डॉक्टरांना दाखवा, नाव आठवत नसेल तर रिकामं खोकं घेऊन जा. आधी स्टेरॉइड सोडवायचं, त्वचा सावरू द्यायची, त्याला काही महिने लागतात. पीलचा विचार त्यानंतर.

चेहऱ्यावर एक्झिमा, उघडी जखम, पिकलेले मुरूम किंवा हर्पीसचे पाणीदार फोड असतील तर ते बरे होईपर्यंत नाही. हर्पीस वारंवार होत असेल तर आधी सांगा, डॉक्टर पीलच्या आधीपासून विषाणूविरोधी गोळ्या सुरू करतात. कोड पसरत असेल किंवा जखमेवर जाड, उंच व्रण म्हणजे केलॉइड येण्याची प्रवृत्ती असेल तर वेगळा विचार करावा लागतो. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील तर तेही लपवू नका. पूर्वी सरसकट सहा महिने थांबायला सांगत. वरवरच्या पीलसाठी आता एवढा आग्रह राहिलेला नाही, मध्यम खोलीच्या पीलसाठी आहे.

आणि ज्यांचं दिवसभराचं काम उन्हात आहे, शेतात, बांधकामावर, दुचाकीवरून डिलिव्हरीचं, त्यांनी पील करू नये असं नाही, पण मँडेलिकच्या पुढे जाऊ नये आणि एप्रिल-मे टाळावा.

कोणाकडून करून घ्यायचा

एमडी, डीडीव्हीएल किंवा डीएनबी अशी त्वचारोगातली पदवी पाटीवर आहे का पाहा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही नुसती पाटी पुरेशी नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा गोव्यात गोवा मेडिकल कौन्सिलच्या नोंदींशी पडताळता येतो. मग तीन प्रश्न विचारा. कोणतं आम्ल, किती टक्के? तुम्ही स्वतः लावणार की मदतनीस? काही बिघडलं तर रात्री कोणाला फोन करायचा? ‘पार्टी पील’, ‘ब्रायडल ग्लो पील’ ही विकायची नावं आहेत. त्याखाली आम्ल कोणतं ते सांगता येत नसेल तर तिथे चेहरा देऊ नका. पहिल्याच भेटीत, त्वचेची आधी तयारी न करता, लगेच पील उरकणारी जागाही टाळा.

आधीचे दोन ते चार आठवडे

या तयारीला डॉक्टर प्रायमिंग म्हणतात आणि सावळ्या त्वचेत ती वगळली की डाग पडतात. रोज सनस्क्रीन, आणि रात्री डॉक्टरांनी दिलेलं मलम: ट्रेटिनॉइन (पिवळ्या पीलमधलंच आम्ल, पण फार कमी ताकदीचं) ०.०२५ टक्के, हायड्रोक्विनोन २ ते ४ टक्के किंवा ग्लायकोलिक ६ ते १२ टक्के, तक्रारीप्रमाणे. ट्रेटिनॉइनमुळे वरचा मृत थर एकसारखा पातळ होतो, त्यामुळे आम्लही एकसारखं शिरतं. हायड्रोक्विनोन रंग बनवणाऱ्या पेशींना आधीच शांत करतं. ही मलमं मनाने मेडिकलमधून आणून चालू ठेवायची नाहीत, आणि स्टेरॉइड मिसळलेलं तिहेरी मलम तर नाहीच.

पीलच्या आधी काही दिवस, साधारण तीन ते सात, ट्रेटिनॉइन बंद. आठवडाभर आधीपासून ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, स्क्रब, फेशियल बंद. पुरुषांनी त्याच सकाळी दाढी करू नये, वस्तऱ्याने बारीक ओरखडे पडतात आणि आम्ल नेमकं तिथेच खोल जातं. कानामागे किंवा जबड्याच्या कडेला पॅच टेस्ट मागून घ्या. फोटोही काढा: एकाच खिडकीशी, एकाच वेळी, फ्लॅश न वापरता, समोरून आणि दोन्ही बाजूंनी.

खुर्चीवर बसल्यावर

लेन्स काढा. डोकं थोडं उंच ठेवून झोपवतात, केस टोपीत. चेहरा धुऊन स्पिरिटने किंवा अ‍ॅसिटोनने तेल पुसतात. हे पुसणं सगळीकडे सारखं व्हायला हवं, कारण जिथे तेल राहतं तिथे पील लागत नाही आणि जिथे जोरात घासलं तिथे जास्त लागतो. डोळ्यांचे कोपरे, नाकपुडीच्या घड्या आणि ओठांच्या कडांना व्हॅसलिन. आम्ल वाटीत काढून ब्रशने किंवा गॉजने लावतात. सुरुवात कपाळापासून, कारण तिथली त्वचा जाड, मग गाल, नाक, हनुवटी, शेवटी नाजूक जागा. ब्रश निथळलेला हवा. डोळ्यांवरून बाटली किंवा भिजलेला ब्रश कोणी नेत असेल तर लगेच थांबवा. डोळ्यात थेंब गेलाच तर भरपूर सलाइनने धुवायचं, म्हणून भरलेली सिरिंज हाताशी लागते.

आगीचं प्रमाण शून्य ते दहामध्ये सांगत राहा. पंख्याच्या वाऱ्याने आग सोसवते. सगळीकडची चुरचुर तीन-चारपर्यंत चालते, पण एकाच जागी ती सात-आठवर गेली तर तसं बोला. तेवढी जागा आधी उदासीन करता येते, बाकीचा चेहरा पूर्ण वेळ ठेवता येतो. ‘सोसलं तर जास्त गोरं होईन’ हा समज पुष्कळांच्या मनात असतो आणि त्यानेच चेहरे भाजतात.

बाटलीविषयीही एक गोष्ट. अल्कोहोलमधलं सॅलिसिलिक उघडं राहिलं तर अल्कोहोल उडतं आणि उरलेलं द्रावण तीव्र होतं. झाकणाशी स्फटिक जमलेली, तारीख उलटलेली बाटली दिसली तर त्या दिवशी पील नको.

पुढचे सात दिवस

पहिल्या दिवशी त्वचा ताणल्यासारखी, गुलाबी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी काळपट आणि कोरडी, मग तोंडाभोवती आणि नाकाशी पापुद्रे. मँडेलिक किंवा सॅलिसिलिकनंतर पापुद्रे दिसतीलच असं नाही, आणि दिसले नाहीत म्हणजे पील वाया गेला असंही नाही. पापुद्रे ओढायचे नाहीत. अर्धवट सुटलेला पापुद्रा ओढला की खालची तयार न झालेली त्वचा उघडी पडते आणि तेवढ्याच आकाराचा डाग उरतो.

साबणाऐवजी सौम्य क्लीन्झर, साधं पाणी, टॉवेलने न घासता टिपणं. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चारदा. आठवडाभर वाफ, सॉना, पोहणं आणि घामाघूम करणारा व्यायाम टाळा. ट्रेटिनॉइन आणि इतर आम्लं सोलणं पूर्ण थांबल्यावरच.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा येतील इतकं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या. वांगाला दिसणारा उजेडही गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. स्कार्फ बांधलात तरी सनस्क्रीन हवंच, आणि खरखरीत कापडाचा स्कार्फ या आठवड्यात नको.

बिघडलं तर ओळखायचं कसं

चार-पाच दिवसांनंतरही एखादा ठिपका लालच असेल तर पुढे तिथेच काळा डाग येण्याचा संभव असतो. तो दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून लाल असतानाच डॉक्टरांकडे जा. या टप्प्यावर थोड्या दिवसांचं योग्य मलम पुष्कळ काही वाचवतं. पाणी झरणं, फोड येणं, वाढत जाणारं दुखणं ही भाजल्याची लक्षणं. पिवळी खपली आणि पू म्हणजे जंतुसंसर्ग. ओठांपाशी घोळक्याने उठलेले बारीक दुखरे फोड म्हणजे बहुधा हर्पीस. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं, कोरफड किंवा हळद लावून वाट पाहायची नाही. डाग पडलाच तर तो बहुतेक वेळा काही महिन्यांत फिका होतो. अट इतकीच की घाबरून त्यावर दुसरा पील करायचा नाही.

लग्न, सण आणि कॅलेंडर

नवरा-नवरीचा हिशेब मागून मांडावा. शेवटचं सिटिंग आणि हळद यांत किमान तीन आठवडे हवेत, कारण सोलत असलेल्या त्वचेवर हळद चोळली जाणं आणि वर दिवसभर मेकअप हे दोन्ही तिला सोसत नाही. त्याआधी सहा सिटिंग, प्रत्येकात दोन आठवडे, म्हणजे दहा आठवडे. त्याआधी तीन आठवडे प्रायमिंग. एकूण सोळा आठवडे, चार महिने. लग्न आठवड्यावर आलं असेल तर पील विसरा, सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर पुरे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचं उटणं चेहऱ्यावर चोळायचं असेल तर आधीचा आठवडा रिकामा ठेवा. रंगपंचमीचं तर आधी दोन आठवडे आणि रंगांनी चेहरा चुरचुरला असेल तर नंतरही थांबा.

सिटिंगमध्ये दोन ते चार आठवड्यांचं अंतर हवं. दुकानदारी करणारे दर आठवड्याला बोलावतात, ते मान्य करू नका. तिसऱ्या सिटिंगनंतर पहिल्या दिवशीचे फोटो समोर घेऊन त्याच खिडकीशी नव्याने काढलेल्या फोटोंशी ताडून पाहा. थोडाफार फरक दिसत असेल तर तोच पील, त्याच ताकदीने सहापर्यंत न्या. काहीच फरक नसेल तर टक्केवारी वाढवण्याआधी डॉक्टरांना निदान पुन्हा तपासायला सांगा. वांग खालच्या थरात असेल, डाग मुरमांचे नसून दुसऱ्याच आजाराचे असतील, किंवा रोज सकाळी लावायचं सनस्क्रीन आठवड्यातून दोनदाच लागत असेल.